जुन्या कार्डावरचा चेहरा: फोटो माणसाचा की चित्राचा? नव्याने बघायला लागलेल्यांसाठी

एक कार्ड समोर ठेवूनच सुरुवात करते, कारण मला हे सगळं शिकवलं ते त्या कार्डाने. काही वर्षांपूर्वी लंडनला बहिणीकडे गेले होते, तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात घेतलेलं. पत्त्याच्या पानापेक्षा जरासं मोठं, तपकिरी, त्यावर एक म्हातारे गृहस्थ, उंच कॉलर, डाव्या कानाखाली ठसठशीत काळा तीळ. घरी येऊन भिंगाखाली धरलं आणि बघतच राहिले. खांदा संपतो तिथे फोटो धुक्यासारखा विरत नव्हता, तीन फटकारे मारून संपत होता, खडूचे फटकारे, शेवटचा तर घाईत ओढलेला. आणि तीळ म्हणाल तर तसलाच एक ठिपका चेहऱ्यापासून लांब कोऱ्या जागेत होता, अजून एक खाली कोपऱ्यात. म्हणजे तीळबीळ काही नव्हता, चित्राच्या कागदावर दमटपणाने पडलेला तांबूस डाग होता, तो फोटोत काळा उतरला होता. माझ्या हातात माणसाचा फोटो नव्हता, माणसाच्या चित्राचा फोटो होता.

अशी कार्डं बाजारात भरपूर सापडतात आणि बरेच जण "अरे ही तर नुसती कॉपी" म्हणून बाजूला सारतात. मला हे अजिबात पटत नाही. अशा एका कार्डात दोन कामं असतात, दोन माणसांचे हात असतात, एक चित्रकाराचा आणि एक फोटोग्राफरचा, आणि दोन तारखा असतात, ज्यांच्यात कधी दोन वर्षांचं अंतर असतं कधी पन्नास. शिवाय मूळ चित्र जळालेलं, हरवलेलं, वाटणीत कुठेतरी गेलेलं असू शकतं, मग ते चित्र होतं याचा पुरावा म्हणून तेवढं कार्डच उरतं. म्हणून ही कार्डं ओळखायची कशी, वाचायची कशी आणि सांभाळायची कशी ते मला जमलं तसं क्रमाने लिहितेय.

आधी हे केलंच का जायचं ते थोडक्यात.

फ्रान्सच्या डागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली १८३९ मध्ये, पण ती एकेकच प्रत द्यायची. खरा फरक पडला तो १८५१ ला फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कोलोडियनचा (एक चिकट द्रव) थर देऊन केलेल्या निगेटिव्हची पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा, आणि त्याच्या वर्षभर आधी, १८५० ला, फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरारने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद आणला होता. एक निगेटिव्ह, पाहिजे तेवढे प्रिंट. मग १८५४ ला पॅरिसमध्ये दिस्देरीने कार्त-द-व्हिझीतचं पेटंट घेतलं, एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे आणि कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. संग्राहक मंडळी याला नुसतं सीडीव्ही म्हणतात, मी पण तसंच लिहीन. इंग्लंडमध्ये १८६० ला मेयॉल या फोटोग्राफरने राजघराण्याची सीडीव्ही विकायला काढली आणि घरोघरी अल्बम भरायची लाटच आली.

आता अल्बम भरायचा तर फक्त आई-बाबा आणि राणी कशी पुरणार? लोकांना बेथोव्हेन पाहिजे होता, नेपोलियन पाहिजे होता, आणि ते तर कॅमेऱ्याच्या आधीच गेलेले. मग चित्राचा फोटो काढायचा. दुसरं कारण घरगुती आहे आणि मला तेच जास्त जवळचं वाटतं. वडिलांचं खडूने काढलेलं एकच चित्र भिंतीवर, मुलं सहा, प्रत्येकाला आपल्या घरी बाबा हवेत, मग चित्र फ्रेममधून काढून स्टुडिओत न्यायचं आणि प्रती करून घ्यायच्या. तांब्यावर किंवा पोलादावर कोरून घ्यायला कोरणाऱ्याचे आठवडे, कधी महिने जायचे, फोटोला तेवढा वेळ नको.

आणि चित्राचा फोटो काढणं हे मागाहून सुचलेलं काम नाही. फोटोग्राफीचा इंग्लंडमधला एक जनक टॅलबट याने १८४४ पासून भागाभागाने काढलेल्या पुस्तकात लिथो (दगडावरून छापलेल्या) चित्राची फोटो-प्रत होती आणि एका रेखाचित्राची पण. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने १८५३ च्या सुमारास इटालियन चित्रकार राफाएलच्या सगळ्या कामाच्या प्रतिकृती गोळा करायला घेतल्या, त्यात विंडसरच्या राजवाड्यातल्या रेखाचित्रांचे फोटो काढवून घेतले.

आता कामाला लागू.

हाताशी काय पाहिजे

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार-घड्याळजी वापरतात तसलं. मोबाईलचा टॉर्च. पट्टी. पेन्सिल (पेन अजिबात नको, कार्डाजवळ तर नकोच). हात धुवून कोरडे करा, कार्ड कडांना धरा, प्रतिमेवर बोट टेकवू नका. एवढंच, महागडं काही लागत नाही.

पहिल्यांदा मापं आणि सनावळी

पट्टी लावा. सीडीव्हीचा पुठ्ठा साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरचा असतो. त्यापेक्षा मोठं, १०८ बाय १६५ च्या आसपास असेल तर ते कॅबिनेट कार्ड, ते १८६६ पासून चालू झालं.

मग कार्डाखाली नाव छापलेलं असेल तर तो माणूस कधी गेला ते बघा. ही इतकी साधी गोष्ट आहे की लोक विसरतात. नेपोलियन १८२१ ला गेला, बेथोव्हेन १८२७ ला, जर्मन कवी गटे १८३२ ला, त्यामुळे त्यांचं कुठलंही सीडीव्ही चित्राचा, कोरीव छापाचा नाहीतर पुतळ्याचाच फोटो असणार, विकणारा काहीही म्हणो. आपल्याकडचं उदाहरण घ्या, नाना फडणवीस १८०० साली गेले, त्यांचा चेहरा आपल्याला माहितीये तो जेम्स वेल्ससारख्या चित्रकाराने पुण्यात येऊन रंगवला म्हणून.

उलटं मात्र धरून चालू नका, म्हणजे माणूस कॅमेऱ्याच्या काळात जिवंत होता म्हणून कार्ड थेट त्याचाच फोटो असेल असं नाही. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली त्यानंतर अमेरिकेत एक कार्ड खूप खपलं, त्यात वॉशिंग्टन स्वर्गात लिंकनला मिठीत घेतोय आणि त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतोय. वॉशिंग्टन १७९९ लाच गेलेला. आता लिंकनचे खरे फोटो पुष्कळ आहेत, तरी लोकांना त्या दुःखात हे हाताने रचलेलं चित्र हवं होतं आणि ते त्यांना मिळालं फोटोच्या रूपात, खिशात मावेल असं.

भिंगाखाली, इथे घाई करू नका

माझं अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं. कार्ड टेबलावर सपाट, उजेड डावीकडून, आणि सुरुवात चेहऱ्यापासून करू नका, कडेपासून करा. चेहरा आपल्याला फसवतो, चेहरा दिसला की आपण माणूस बघायला लागतो आणि कागद बघायचा राहून जातो.

कडेला बघायचं ते असं. स्टुडिओत माणसाचा फोटो काढताना पण खांदे विरघळवायची फॅशन होती, पण ते फोटोग्राफर पुठ्ठ्याच्या भोकातून किंवा मुद्दाम बनवलेल्या काचेतून करायचा, त्यामुळे काळ्यातून पांढऱ्यात जाणारा उतार एकदम गुळगुळीत असतो. चित्रकार तसं करत नाही. तो चेहऱ्यावर मन लावून काम करतो आणि कोटाशी आला की दोन-चार रेघांत आटपतो. त्या रेघा सुट्या दिसतात, मध्ये कागद दिसतो. कोटाची गुंडी नुसता गोल असते. हे दिसलं की समजा नव्वद टक्के निकाल लागला.

मग केस. फोटोत केसांचे पुंजके होतात, हललेल्या जागी पुसट होतात. चित्रात केस रेघांनी बांधलेले असतात, त्या रेघा एका लयीत वळतात. मग डोळे, बाहुलीतला उजेडाचा ठिपका फोटोत खिडकीच्या आकाराचा, जरा वेडावाकडा असतो, चित्रात बहुतेकदा एकच नीटस पांढरा टिपका, दोन्ही डोळ्यांत अगदी सारखा. मग पार्श्वभूमी: कागदाच्या जाळीच्या समांतर रेषा दिसतात का, खडूचे कण कागदाच्या खडबडीत उंचवट्यांवरच बसलेत आणि खोलगट भाग कोरे राहिलेत असं दिसतं का, कोपऱ्यात टाचणीची छोटीशी सावली आहे का, चित्राच्या कागदाची कड किंवा फ्रेमची सावली राहून गेलीये का. आणि सही! चित्रकाराची सही-तारीख बऱ्याचदा खांद्याच्या आसपास असते आणि ती प्रतिमेच्या आत असते, पुठ्ठ्यावर नाही.

रेघा खडूसारख्या नसून बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या, जाळी विणल्यासारख्या असतील किंवा चेहरा नुसत्या ठिपक्यांनी भरलेला असेल तर तो कोरीव छापाचा फोटो. इथे अजून एक गंमतीची अडचण येते. काही कार्डांवर फोटो नसतोच, खराखुरा छोटा कोरीव छाप किंवा लिथो चिकटवलेला असतो. फरक कसा ओळखायचा? खऱ्या छापात शाईची रेघ कडेला स्वच्छ तुटते, काळी ती काळी, पांढरं ते पांढरं. फोटोत रेघेची कड किंचित मऊ, तपकिरी होते, आणि दोन रेघांमधला "पांढरा" भाग पण पिवळसर-करडा असतो. चार-पाच कार्डं शेजारी ठेवून बघितलीत की डोळ्याला आपोआप कळायला लागतं, खरंच सांगते.

रंगाची फसवणूक

हा मुद्दा माहीत नसल्यामुळे चांगले अनुभवी लोक पण चुकतात म्हणून वेगळा लिहितेय. कोलोडियन काचेला निळा उजेड दिसायचा, लाल आणि पिवळा जवळपास दिसायचाच नाही. म्हणजे लाल खडूने हलकेच रंगवलेले गाल आणि ओठ फोटोत काळपट उतरायचे, आणि निळा रंग फिका पडायचा किंवा गायबच व्हायचा. मूळ चित्रात टवटवीत दिसणारी बाई कार्डावर आजारी, खप्पड दिसते ती यामुळे. पिवळसर कागदावर काढलेलं चित्र असेल तर सगळी पार्श्वभूमी गडद होते आणि पांढऱ्या खडूचे उजेड त्यात जास्तच चमकतात. माझ्या त्या गृहस्थांचा "तीळ" याच भानगडीतून आला, कारण दमटपणाचे डाग तांबूस-पिवळे असतात.

तर कार्डावरून चित्रकाराच्या हाताबद्दल मत बनवताना हे डोक्यात ठेवा, "किती जड हाताने सावल्या दिल्यात" असं वाटलं तर कदाचित तिथे सावली नव्हतीच, लाली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन फोगेलला १८७३ मध्ये लक्षात आलं की काचेच्या थरात ठराविक रंगद्रव्य मिसळलं की त्याला बाकीचे रंग पण दिसायला लागतात, मग पुढे तशा प्लेट्स बाजारात आल्या आणि हा त्रास हळूहळू कमी झाला. म्हणून १८६० च्या दशकातल्या कार्डांत हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं.

प्रिंट कुठल्या जातीचा

बहुतेक सीडीव्ही अल्ब्युमेन असतात. तपकिरी किंवा जांभळट-तपकिरी रंग, पिवळी पडलेली उजळ जागा, कडेने फिकटलेलं, वरून हलकी चकाकी, आणि भिंगाखाली त्या चकाकीत बारीक भेगा व खालचे कागदाचे तंतू दिसतात. कागद इतका पातळ की गुंडाळी व्हायची, म्हणूनच पुठ्ठ्यावर चिकटवायचे.

अजिबात न फिकटलेलं, एकसारखं गडद तपकिरी काही दिसलं तर टॉर्च आडवा धरा. गडद भाग किंचित उंच वाटले तर ते वुडबरीटाइप किंवा कार्बन असू शकतं, म्हणजे चांदीऐवजी रंगद्रव्य आणि जिलेटिनने केलेले प्रिंट. वॉल्टर वुडबरीने १८६४ ला पेटंट घेतलं, शिशाच्या साच्यात रंगीत जिलेटिन ओतून दाबून छापायची पद्धत, चांदी नाहीच त्यामुळे फिकटायचा प्रश्न नाही. त्याच वर्षी जोसेफ स्वानने कार्बन पद्धतीत सुधारणा केली, आणि चित्रांच्या फोटोसाठी तिचा सगळ्यात सुंदर उपयोग केला तो आल्सासमधल्या दोर्नाख गावच्या आदोल्फ ब्राउनने. कार्बन प्रिंटमध्ये रंगद्रव्य आपल्याला निवडता येतं, म्हणजे लाल खडूचं चित्र लालसर रंगातच छापायचं. ब्राउनच्या लोकांनी पॅरिसचं लूव्र, व्हिएन्ना, स्वित्झर्लंडमधलं बाझल इथल्या संग्रहांतली रेखाचित्रं अशी काढली. बाझलला जुन्या जर्मन चित्रकार होल्बाइनने काढलेली मायर कुटुंबाची खडूतली चित्रं आहेत, अशा चित्रांसमोर जायला प्रवास परवडायचा नाही त्या विद्यार्थ्यांच्या हातात ब्राउनमुळे जवळजवळ मूळ चित्रच आलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात ब्राउनचे प्रिंट सगळ्यात वरचे, एकदा तरी प्रत्यक्ष बघा.

नियमित ओळीत मांडलेले ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, तर तो हाफटोन, म्हणजे १८८० नंतरचं छपाईचं काम. आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद पांढरा-निळा झगमगायला लागला तर सावध व्हा, कागद उजळ करणारी ती रसायनं साधारण १९५० नंतरची आहेत.

पाठ वाचा, पण तारीख दोनदा लिहा

मागे फोटोग्राफरचं नाव-पत्ता असतो. तो त्या पत्त्यावर कधी होता हे जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत सापडतं. सुरुवातीची कार्डं पातळ, टोकदार कोपऱ्यांची, १८७० नंतर जाड आणि गोल कोपऱ्यांची, पुढे गडद रंगाची, सोनेरी कडेची, असं ढोबळमानाने धरा. अमेरिकन कार्डावर मागे कराचं तिकीट असेल तर सोनं सापडलं समजा, कारण तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच होता.

पण ही सगळी तारीख फोटोची! चित्राची नाही. चित्राची तारीख कपड्यांवरून, केसांवरून, सहीवरून वेगळी काढायची. इंग्लिश कादंबरीकार शार्लट ब्राँटेचं उदाहरण बघा. जॉर्ज रिचमंडने तिचं खडूतलं चित्र काढलं १८५० मध्ये, प्रकाशक जॉर्ज स्मिथने ते काढवून घेऊन तिच्या वडिलांना भेट पाठवलं. ती गेली १८५५ ला. दोन वर्षांनी तिच्या चरित्रात त्या चित्रावरून केलेला कोरीव छाप आला. मूळ चित्र तिच्या नवऱ्याकडे राहिलं आणि १९०६ ला त्याच्या मृत्यूनंतर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलं. आता समजा तुम्हाला १८७० च्या दशकातलं त्या चेहऱ्याचं कार्ड मिळालं, तर ते रिचमंडच्या खडूवरून आलंय की पुस्तकातल्या छापावरून? हे भिंगच सांगणार. खडूचे कण की कोरलेली जाळी.

मूळ चित्राचा माग

प्रतिमेच्या खाली बारीक अक्षरात लॅटिन खुणा असतील तर त्या पाठ करून ठेवा: 'डेल' म्हणजे यांनी रेखाटलं, 'पिंक्स' म्हणजे रंगवलं, 'स्कल्प' म्हणजे कोरलं. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, ब्रिटिश म्युझियम, रॉयल कलेक्शन, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम या सगळ्यांचे संग्रह घरबसल्या फुकट शोधता येतात.

चित्र सापडलं की डावं-उजवं ताडून बघा. कोरणारा मूळ चित्र जसंच्या तसं धातूच्या पत्र्यावर उतरवतो आणि छाप उलटा येतो, त्यामुळे कोरीव छापात माणूस कितीदा तरी उलट्या बाजूला बघत असतो. अल्ब्युमेन फोटो मात्र समोरचं आहे तसं सुलटच देतो. म्हणजे कार्डावर भांग मूळ चित्राच्या विरुद्ध बाजूला असेल तर मध्ये एक कोरीव छाप होऊन गेला असण्याची शक्यता मोठी. (कार्बनला हा नियम लावू नका, तिथे एकदाच चिकटवून केलेला प्रिंट पण उलटा येतो.)

इंग्लिश कार्डांसाठी अजून एक खजिना आहे. १८६२ च्या कायद्याने चित्र, रेखाचित्र आणि फोटो तिघांनाही कॉपीराइट मिळाला, मग फोटोग्राफर लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये नोंद करायचे. ते अर्ज आता लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'कॉपी १' या मालिकेत आहेत, १९१२ पर्यंतचे, कितीतरी अर्जांना तो फोटोच जोडलेला. अर्जावर चित्राचं वर्णन, करणाऱ्याचं आणि मालकाचं नाव असतं.

नोंद अशी करा

वहीत किंवा एक्सेलमध्ये, पण चित्र आणि फोटो कायम वेगळ्या रकान्यात. माझ्या गृहस्थांची नोंद अशी आहे: "चित्र: पुरुष, साठीच्या पुढचा, काळा व पांढरा खडू, बहुधा रंगीत कागदावर, कपड्यांवरून १८४० चं दशक, सही नाही, कागदावर तीन डाग. फोटो: अल्ब्युमेन, सीडीव्ही, टोकदार कोपरे, १८६० चं दशक, पाठ कोरी. व्यक्ती: अज्ञात." जे दिसलं ते लिहायचं, अंदाज असेल तर "बहुधा" लिहायचं. पुढे कोणाच्या तरी घरात ते मूळ चित्र निघालं तर त्या तीन डागांच्या जागांवरूनच ते ओळखू येईल, म्हणून डाग कुठे आहेत ते पण मिलिमीटरमध्ये लिहून ठेवलंय.

सांभाळणं

पुठ्ठ्यावरून प्रिंट सोलायचा नाही, कधीच नाही. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, ओलं फडकं नाही. आम्लमुक्त कागदाचं पाकीट किंवा पॉलिएस्टरचं स्लीव्ह घ्या, पीव्हीसीचे चिकट अल्बम मुळीच नकोत. भिंतीवर लावायचं तर स्कॅन काढून त्याची प्रत लावा, अल्ब्युमेनला उजेड सोसत नाही. स्कॅन १२०० डीपीआयवर, टिफ फाइल, आणि पाठ पण स्कॅन करा, कोरी असली तरी.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत असावी असं म्हणतात, ते मुंबईत नाहीतर कोकणात जुलैमध्ये कुठून आणणार? मी घट्ट झाकणाचा डबा वापरते, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या, म्हणजे ओल धरली की कळतं, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. डबा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवत नाही, लॉफ्टवर तर नाहीच, बेडरूमच्या कपाटात मधल्या खणात ठेवते. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या बदलायच्या, आणि डबा उघडायचाच तर कोरड्या दिवशी दुपारी.